पाकोळीचे वर्ष

या पुस्तिकेत ज्या प्राण्याची माहिती आहे, त्याचे वजन तीन-चार ग्रॅम भरते. हल्लीचे एक रुपयाचे नाणेही तेवढेच असते. कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर, अंगावर गडद तपकिरी लव, कान आखूड आणि टोकाला गोलसर. एवढ्याशा देहात चार कप्प्यांचे हृदय आहे आणि फुप्फुसे आहेत. पिलाला दुधाचे दात असतात, ते आकड्यासारखे वाकडे. त्यांनी ते आईला घट्ट धरून राहते. ही आपली पाकोळी, भारतातल्या सर्वांत लहान वटवाघळांपैकी एक. शास्त्रीय पुस्तकांत ती ‘पिपिस्ट्रेलस टेन्युइस’ या नावाने सापडते. जुन्या लेखनात, विशेषतः महाराष्ट्रात झालेल्या अभ्यासांत, ‘पिपिस्ट्रेलस मायमस’ असे नाव दिसेल.

एकलहऱ्यात ती पाहायला कुठे लांब जावे लागत नाही. नाशिकरोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या अंगाला वसलेले हे गाव बाहेरच्यांना औष्णिक विद्युत केंद्रामुळे माहीत आहे. २१० मेगावॉटचे तीन संच, उंच चिमण्या, राखेचे तळे आणि कोळशाच्या मालगाड्या, एवढीच एकलहऱ्याची ओळख बहुतेकांच्या मनात असते. पण केंद्राबरोबर कर्मचाऱ्यांची वसाहत आली, वसाहतीबरोबर दुतर्फा झाडे आली, रस्त्याला दिवे आले. शेजारी कांद्याची, उसाची आणि द्राक्षांची शिवारे होतीच. नदीचे पाणी जवळ, झाडांच्या रांगा, जुन्या इमारतींतल्या भेगा आणि दिव्याला झोंबणारे किडे, पाकोळीला जे जे लागते ते सगळे इथे एकाच हाकेच्या अंतरात आहे. दोन इमारतींच्या मधला सांधा, खिडकीवरच्या छज्ज्याची फट, दुकानाच्या शटरची पेटी, भिंतीपासून थोडी सुटलेली नावाची पत्र्याची पाटी, निलगिरीची सुटलेली साल, कौलांच्या खालची पोकळी, यांपैकी कोणतीही जागा तिला पुरते. करंगळी शिरेल एवढी फट असली की झाले. ती घरटे बांधत नाही, काड्या आणत नाही, लाकूड वा वायर कुरतडत नाही. एका फटीत कधी एकटी, कधी दोन-चार, कधी डझनभर अशा तिच्या वस्त्या असतात. पिंपळावर शेकड्यांनी लटकणारी, फळे खाणारी मोठी वटवाघळे वेगळी. ती पानांच्या उजेडात उघडी टांगून राहतात, त्यांना पाहायला मोठे डोळे आहेत आणि खाण्यासाठी उंबर-जांभळे हवीत. पाकोळीचे सगळे पोट किड्यांवर.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत. सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींत साधारण एक वटवाघूळ निघते. भारतात सव्वाशेच्या वर जाती नोंदल्या आहेत. त्यांतली बहुतेक किडेच खातात. तरी आपल्या बोलण्यात ‘वटवाघूळ’ म्हटले की पिंपळावरचे ते मोठे जनावर येते, आणि घरातल्या फटीत राहणारी ही शेजारीण जणू कोणी नाहीच. माझ्या मते तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे कारण तिचा लहानपणा नाही. ती किड्यांमागे फिरते म्हणून आपण तिलाही किड्यांतच मोजतो. मग पाल, झुरळ, डास यांच्यासाठी जो उपाय, तोच तिलाही: फट दिसली की सिमेंट लावा. ही पुस्तिका त्या सवयीविरुद्ध लिहिली आहे. किडा आज मेला तर महिन्याभरात त्याच्या जागी शंभर येतात. पाकोळीचे तसे नाही. एका वेळी एक किंवा दोन पिले, त्यांना पोटात वाढवायचे, अंगावर पाजायचे, उडायला येईपर्यंत सांभाळायचे. तिचा हिशेब गायी-म्हशींच्या आणि आपल्या घराण्यातला आहे.

सूर्य मावळला की उजेड असतानाच ती बाहेर पडते. याच वेळी भिंगऱ्या परतीला लागलेल्या असतात. काही मिनिटे दोघी एकाच आकाशात असतात आणि नवख्याला कोण कोण ते कळत नाही. भिंगरी सरळ रेषा मारते, वळण लांब घेते. पाकोळी फडफडत, धक्के खात, क्षणोक्षणी दिशा बदलत जाते. तिचा एक ठरलेला फेरा असतो: या आंब्यापासून त्या खांबापर्यंत, मग गॅरेजच्या पत्र्यावरून मागे. तोच फेरा ती पुन्हा पुन्हा घालते, आणि थोडा धीर धरून उभे राहिले तर ती डोक्यावरून केव्हा जाईल हे सांगता येऊ लागते. किडा पकडताना ती बहुतेकदा तोंडाने झडप घालत नाही. पायांच्या मधल्या शेपटीच्या पडद्याची झोळी करते, किंवा पंखाने किडा तिकडे ढकलते, आणि मान खाली वाकवून उडता उडताच खाते. आपल्याला जो धक्का, जी गिरकी दिसते, ती बरेचदा असा एक घास असतो. पाणीही ती उडतच पिते. बंधाऱ्याच्या संथ पाण्यावर तोंड टेकवून क्षणात वर येते.

अंधारात ती हे कसे करते, याचा शोध लागायला दीडशे वर्षे लागली. इटलीत लाझारो स्पालांझानी यांनी १७९० च्या दशकात दाखवले की डोळे गेलेले वटवाघूळ ताणलेल्या दोऱ्यांमधून बिनचूक जाते. जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी कान बुजवून पाहिले तेव्हा मात्र ते दोऱ्यांवर आदळले. कानाने दिसते, हे म्हणणे त्या काळी कोणाला पटले नाही, कारण माणसाला तर काहीच ऐकू येत नव्हते. १९३८ साली हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन यांनी पिंजऱ्यातली वटवाघळे एका भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रापुढे नेली आणि तोवरच्या त्या ‘मुक्या’ प्राण्यांचा ओरडा प्रथमच माणसाला ऐकू आला. रॉबर्ट गॅलॅम्बोस यांच्यासोबत केलेल्या पुढच्या प्रयोगांतून प्रतिध्वनीचे गणित उलगडले.

आपला कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहान वयात. पाकोळ्यांची हाक त्याच्या दुप्पट-अडीचपट उंचीची असते. ५० किलोहर्ट्झच्या आवाजाची लांबी हवेत सात मिलिमीटरच्या आत भरते. आवाज ज्या वस्तूवरून परत फिरायचा ती वस्तू त्याच्या लांबीच्या मानाने फार लहान असून चालत नाही. उंच आवाज म्हणजे लहान किडाही ‘दिसणे’. त्याची किंमत अशी की एवढा उंच आवाज हवेत लवकर विरतो, म्हणून पाकोळीची नजर थोड्या मीटरांपुरतीच. शोध चालू असताना ती सेकंदाला दहाएक हाका देते. किडा हेरला की हाका जवळ जवळ येत जातात आणि शेवटच्या क्षणी सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत पोचतात. हाका माणसाच्या पट्टीत उतरवणारे छोटे यंत्र हल्ली मिळते. ते घेऊन वसाहतीच्या रस्त्यावर उभे राहा: टक, टक, टक, आणि मग कापड फाटल्यासारखा सलग आवाज. तो आवाज संपताना एक किडा कमी झालेला असतो, किंवा निसटलेला असतो. कितीतरी पतंगांना स्वतःचे कान आहेत आणि ते ही हाक ऐकून जमिनीकडे उडी घेतात. ही लढत माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आता डासांचा प्रश्न, कारण वाचक तो विचारणारच. ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते’ हे वाक्य सगळीकडे फिरते. १९६० साली ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद खोलीत लहान माश्या व डास सोडून वटवाघळांचा वेग मोजला. मिनिटाला दहाच्या आसपास किडे पकडले गेले. त्या मिनिटाला साठाने गुणून, वर आणखी चढवून हे वाक्य झाले. उघड्या आकाशात एका जागी तेवढे डास नसतात, आणि तीन-चार ग्रॅमच्या पोटाला त्याच्याहून भरीव काही मिळाले तर ते हवे असते: लहान पतंग, भुंगेरे, तुडतुडे, माश्या, पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणारी वाळवीची पाखरे. पाकोळी डास खाते. डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो आणि पाकोळी दिवसा झोपते. तेव्हा कुंड्यांखालच्या बशा आणि टेरेसवरचे टायर आपणच रिकामे करायचे आहेत. अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवताप हटवण्यासाठी वटवाघळांचे लाकडी मनोरे उभारले होते. त्यांची कळकळ खरी होती. मनोऱ्यांमुळे हिवताप गेला असे सिद्ध झाले नाही. पाकोळीची बाजू मांडताना खोटा आकडा वापरला की तो उघडा पडतो आणि तिच्याविषयीच्या खऱ्या गोष्टीही संशयात येतात, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

खरी गोष्ट काही लहान नाही. रात्रभरात ती आपल्या वजनाच्या चौथाई ते निम्म्याइतके किडे फस्त करते, पाजती मादी त्याहून जास्त. ती ते रोज करते, शेतांच्या कडेने करते, आणि बदल्यात फटीखाली थोडी विष्ठा टाकते. वटवाघळे गेली तर काय होते याचे उत्तर अमेरिकेत नको असताना मिळाले. तिथे २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने गुहांमधली लाखो वटवाघळे मेली. ज्या काउंट्यांत ती मेली, तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला, असे एयाल फ्रँक यांनी २०२४ साली ‘सायन्स’मध्ये मांडले. तिथली पिके वेगळी, जाती वेगळ्या. पण ज्या तालुक्यात द्राक्षबागेच्या फवारणीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते, तिथे हा आकडा वाचून थांबावेसे वाटते.

या पाकोळीचे शास्त्रीय बारसे आपल्या शेजारीच झाले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्यातले जंगल अधिकारी. १८९९ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कोकणातल्या वटवाघळांवर लेख लिहिला आणि त्यात ‘पिपिस्ट्रेलस मायमस’चे वर्णन केले. ज्या नमुन्यावरून ते केले तो डांगच्या जंगलातला, म्हैसकात्रीचा. डांग म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या सुरगाण्याला लागलेला मुलूख. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर नाव मिळालेला प्राणी अलीकडे गोदावरीच्या काठी आपल्या छज्ज्यात राहतो. पुढे सोसायटीने १९११ साली भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली, तीतही रॉटन यांचा मोठा वाटा होता. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतून एक मोठ्या कानांचे, मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ मिळाले, तेव्हा १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याला रॉटन यांचेच नाव दिले. ते वटवाघूळ पुढे कित्येक दशके त्या एका गुहेखेरीज कुठेच सापडले नव्हते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला जागा मिळाली. पाकोळी सगळीकडे असल्यामुळे तिची दखल घ्यायची कोणाला घाई नव्हती. १९७२ च्या कायद्यात फळे खाणारी वटवाघळे तर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, उंदीर-घुशींच्या पंगतीला होती. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने गेली.

दखल घेतली ती महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्राच्या काही प्रयोगशाळांनी. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि या पुस्तिकेचे नावही त्यातूनच आले.

प्रा. ए. गोपालकृष्ण यांनी १९४७ पासून कीटकभक्षी वटवाघळांच्या गर्भविज्ञानावर लेख लिहायला सुरुवात केली. नागपूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी शिष्यांची एक परंपराच उभी केली. विदर्भ-मराठवाड्यातल्या गुहा, जुने वाडे, पडके किल्ले, विहिरी धुंडाळून, महिन्यामागून महिने नमुने गोळा करून, प्रत्येक जातीचे वर्षभराचे वेळापत्रक लावायचे हे त्यांचे काम. कोणत्या महिन्यात मिलन, कधी गर्भ राहतो, किती पिले, कधी जन्मतात, कधी दूध तुटते. त्याच सुमारास फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रॉसे यांनी अजिंठा, वेरूळ, कान्हेरी अशा लेण्यांतून फिरून मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर १९६२-६३ मध्ये सविस्तर लेखमाला प्रसिद्ध केली. या दोन्ही कामांमुळे दख्खनच्या वटवाघळांविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्याचा पाया घातला गेला. मराठीत मात्र त्यातले फारसे उतरले नाही. ज्यांच्या घरांतून, गावांतून ते ज्ञान मिळाले, त्यांच्यापर्यंत ते परत आले नाही, ही खंत ही पुस्तिका लिहिताना सतत सोबत होती.

या वेळापत्रकांत एकेक चमत्कार आहे. वसाहतीतच राहणारे दुसरे एक वटवाघूळ घ्या: पोटाकडून पिवळसर, चाळीसेक ग्रॅमचे, पाकोळीच्या मानाने दांडगे. पुस्तकांत ते ‘स्कोटोफिलस हीथाय’. त्याच्यावर बनारस हिंदू विद्यापीठात काम झाले. थंडी सुरू होण्याआधी ते अंगावर चरबी साठवते. मिलन जानेवारी-फेब्रुवारीत होते, पण मादीचे बीज त्या वेळी तयार नसते. नराचे शुक्राणू तिच्या शरीरात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात; मार्चमध्ये बीज सुटते, तेव्हा कुठे गर्भ धरतो, आणि पिले येतात ती पावसाळ्यात, किड्यांच्या सुगीला. कृष्णा आणि डॉमिनिक यांनी १९७८ साली हे प्रसिद्ध केले. पाकोळीचीच थोरली बहीण असलेल्या ‘पिपिस्ट्रेलस सिलोनिकस’मध्येही मादीच्या देहात शुक्राणू टिकून राहतात, हे गोपालकृष्ण आणि माधवन यांनी १९७१ मध्ये दाखवले. मिलन एका ऋतूत आणि गर्भधारणा पुढे, अशी सोय थंड देशांतल्या वटवाघळांना लागते, कारण ती मधला काळ झोपून काढतात. उष्ण कटिबंधातल्या प्राण्यात ती सापडावी, हे त्या काळी नवल होते.

आणि आपली चिमुकली पाकोळी? गोपालकृष्ण, ठाकूर आणि माधवन यांनी १९७५ साली महाराष्ट्रातल्या पाकोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून निघाले ते असे, की हिच्या वर्षाला ठराविक हंगामच नाही. काही महिन्यांत जास्त, काहींत कमी, पण गाभण माद्या वर्षभर मिळतात. एका वेळी बहुधा जुळी. एक वीण संपते न संपते तोच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मदुराईच्या अभ्यासकांनाही तिकडे असेच आढळले. जन्मलेली पिले गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली असतात, आणि दोन पिलांचे मिळून वजन आईच्या वजनाच्या मानाने इतके मोठे असते की माणसाच्या बाळंतिणीला त्याची कल्पना करणेही जड जावे. महिनाभरात ती उडू लागतात. तोवर आई त्यांना फटीत ठेवून संध्याकाळी बाहेर जाते, मध्ये परत येऊन पाजते, पुन्हा जाते.

याचा आपल्या घराशी थेट संबंध आहे. पिवळ्या वटवाघळाच्या बाबतीत सांगता येते की एप्रिल ते ऑगस्ट त्याच्या फटीला हात लावू नका. पिले उडाली, की दिवाळीच्या आधीच्या दिवसांत, थंडी पडण्यापूर्वी, डागडुजी करा. पाकोळीच्या बाबतीत असा निर्धास्त महिना नाही. कोणत्याही महिन्यात, कोणत्याही फटीत, न उडणारी पिले असू शकतात. इमारतीला रंग द्यायचा निघतो, मजूर परांचीवर बसून एकेक भेग भरत जातो, आणि दिवसा सगळी कुटुंबे आतच असतात. संध्याकाळी भरली तर आया बाहेर आणि पिले आत. दोन-तीन दिवस भिंतीतून चिवचिव येते, मग बंद होते. हे क्रूरपणाने कोणी करत नाही. पाकोळीचे वर्ष कोणाला माहीत नसते, एवढेच.

म्हणून या पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण भिंतीविषयी आहे. आत कोण राहते हे आधी ओळखायचे. फटीखालच्या लेंड्या काडीने दाबून पाहा: उंदराच्या असतील तर कडक, चिवट, पाकोळीच्या असतील तर लगेच भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे, कवचांचे चकचकीत तुकडे दिसतात. मग काही संध्याकाळी खाली उभे राहून बाहेर पडणाऱ्या मोजायच्या. दिवसा कान लावून पिलांचा बारीक आवाज येतो का ते पाहायचे. पिले असतील तर ती उडेपर्यंत महिनाभर काम पुढे ढकलायचे. फट बुजवणे खरेच गरजेचे असेल, तर पिले नसताना तोंडाशी जाळीचा एक पडदा असा सोडायचा की आतून बाहेर पडता येईल आणि बाहेरून शिरता येणार नाही. काही रात्री तो तसाच ठेवून, आत कोणी नाही याची खात्री झाल्यावरच सिमेंट. आणि ज्या फटीने आपले काही बिघडत नाही, ती राहू द्यावी. इमारतीच्या सांध्यातली बहुतेक फट अशीच असते.

थंडीविषयीही दोन शब्द. निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली जातो हे दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते, आणि एकलहरे त्याच पट्ट्यात आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किडे फारसे उडत नाहीत. एवढ्या लहान देहाला ऊब टिकवणे महागात पडते, म्हणून पाकोळ्यांसारखी लहान वटवाघळे अशा वेळी अंग थंड पडू देतात, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात, आणि साठा पुरवून खातात. सकाळी व्हरांड्यात गार, निपचित पडलेली पाकोळी मेलेली असेलच असे नाही. तिला पाणी पाजू नका, उन्हात टाकू नका. जाड कापडाने उचलून, मांजरापासून दूर, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. संध्याकाळी खोके उंचावर उघडे ठेवा. पाकोळी जमिनीवरूनही उडू शकते, पण उंची मिळाली तर तिचे काम सोपे होते.

‘जाड कापडाने’ हे शब्द विचारपूर्वक लिहिले आहेत. वटवाघूळ उघड्या हाताने कधीही धरू नये. घाबरलेला कोणताही वन्य प्राणी चावतो, आणि वटवाघळांतून रेबीजच्या कुळातले विषाणू येऊ शकतात; चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्याचे २०२१ साली जाहीर केले. त्यात फळे खाणाऱ्या जातीबरोबर एक पिपिस्ट्रेलसही होती. ही माहिती लपवून वटवाघळांचे प्रेम वाढवणे मला मान्य नाही. पण तिचा अर्थ लक्षात घ्यावा: धोका आहे तो हाताळण्यात, पकडण्यात, वटवाघळांच्या जागी घुसण्यात. २०२० च्या करोनाच्या भीतीत कितीतरी ठिकाणी लोकांनी वटवाघळांच्या वस्तीची झाडे तोडण्याची, त्यांना धूर करून हाकलण्याची मागणी केली. त्याने प्राणी पांगतात, घाबरतात, नव्या फटी शोधतात आणि माणसाच्या अधिक जवळ येतात. भिंतीतल्या पाकोळीपासून सुरक्षित राहण्याचा मार्ग तिला हात न लावणे हाच आहे. लेंड्या झाडायच्या तर आधी पाणी शिंपडावे आणि तोंडाला फडके बांधावे.

ती घरात शिरली, तर केसांत गुंतेल, कानाला चिकटेल अशी भीती आजही आजीबाई घालतात. ती किड्याच्या मागे किंवा उजेडाच्या दिशेने चुकून आलेली असते आणि तिलाच बाहेर जायचे असते. पंखा बंद करावा, हे पहिले. मग खोलीतला दिवा मालवावा, खिडकी पूर्ण उघडावी आणि दार लावून घ्यावे. केरसुणी घेऊन मागे धावल्याने ती फक्त थकते आणि पडद्यामागे जाऊन बसते.

दिव्यांचा प्रश्न मात्र सोपा नाही. रस्त्यावर पाऱ्याचे दिवे होते तेव्हा त्यांच्या अतिनील प्रकाशाला पतंग झुंडीने येत आणि पाकोळ्यांना तिथे आयते ताट मिळे. गावोगावी आता एलईडी आले. किड्यांची ती झुंड विरळ झाली. हे किड्यांच्या दृष्टीने चांगलेच आहे, कारण दिव्याभोवती फिरून मरणारा पतंग अंडी घालत नाही. पाकोळीला आता झाडांच्या कडा, बांध, नदीकाठचा झाडोरा यांवर पुन्हा भिस्त ठेवावी लागेल, आणि नेमक्या त्याच जागा आपण मोकळ्या करत आहोत. खाली नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तो पाणपक्ष्यांमुळे. त्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला काठावरची बाभूळ, करंज आणि उंबर टिकले, तर पाकोळ्यांचेही भागेल.

पुस्तिकेच्या शेवटी काही कोरी पाने जोडली आहेत. आपल्या घरी, शाळेत, दुकानात पाकोळी राहत असेल, तर तिथे लिहावे: फट कोणत्या दिशेला आहे, जमिनीपासून किती उंच, संध्याकाळी किती बाहेर पडल्या, आणि पिले दिसली किंवा ऐकू आली का. नागपूरच्या मंडळींनी जसे महिन्यामागून महिने लिहून ठेवले, तसे एकलहऱ्याचे एक वर्ष आपल्याला लिहून काढता येईल, आणि तेही एकाही पाकोळीला न पकडता. पेन्सिलने लिहिले तरी चालेल. तारीख मात्र प्रत्येक नोंदीला हवी.